मक्याच्या शेतातील क्रांतिवीर : डॉ. पांडुरंग खानखोजे
(द्वितीय वर्ष, कला)

नाशिककरांना क्रांतिकारकांची नावे नव्याने सांगावी लागत नाहीत. 'अभिनव भारत' ही संघटना याच गावात उभी राहिली, आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे तेव्हा आपल्यापैकी अनेकांहून लहान होते, हे शाळेत असतानाच आपल्या कानांवर पडलेले असते. परंतु त्याच काळात, नाशिकपासून हजारो मैल दूर, एक मराठी तरुण सकाळी लष्करी कवायत आणि दुपारी शेतकीशास्त्र अशा दोन विद्या एकदम शिकत होता, हे कितीजणांना ठाऊक आहे? डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव. आमच्या वर्गात मी ते नाव विचारून पाहिले. दोघांनी ते एखाद्या साखर कारखान्याचे चेअरमन असावेत असा अंदाज केला, एकाने कीर्तनकार ठरविले, बाकीचे हसले. त्या हसण्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. वडील अर्जनवीस, म्हणजे कोर्टकचेरीत लोकांचे अर्ज लिहून देणारे. घरात १८५७ च्या बंडाच्या आठवणी जाग्या होत्या. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला आणि पुढचे नागपूरला झाले. त्यांचे शाळकरी वय म्हणजे मध्य प्रांतात एकापाठोपाठ एक दोन भीषण दुष्काळ पडले तो काळ. पहिला १८९६-९७ चा, दुसरा १८९९-१९०० चा. चरित्रकार त्यांच्या देशभक्तीचा उगम लोकमान्य टिळकांच्या प्रभावात दाखवितात आणि ते खरेच आहे. पण मला वाटते, दुष्काळात जनावरे आणि माणसे मरताना ज्या मुलाने पाहिली असतील, त्याला स्वराज्य आणि भाकरी हे दोन वेगळे विषय वाटलेच नसावेत. पुढे त्यांच्या आयुष्यात जे जे घडले ते याच एका गोष्टीने उलगडत जाते.

१९०५ साल आले. बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची लाट उसळली, आणि तिकडे जपानने रशियासारख्या बलाढ्य साम्राज्याला धूळ चारली. आशियातील एक राष्ट्र युरोपातील राष्ट्राला हरवू शकते, ही वार्ता त्या पिढीच्या अंगात वीज भरून गेली. खानखोज्यांचा विचार सरळ होता. इंग्रजांचे राज्य फौजेवर उभे आहे, तेव्हा ते उलथायचे तर फौजेचे शास्त्र आले पाहिजे. हे शास्त्र हिंदुस्थानात हिंदी माणसाला कोणी शिकविणार नव्हते. घरी लग्नाचे बोलणे चालू झाले होते. त्यांनी घर सोडले आणि समुद्र ओलांडला. आधी जपान, तेथून अमेरिकेचा पश्चिम किनारा.

सॅन फ्रान्सिस्को शहर १९०६ च्या एप्रिलमधील भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने बेचिराख झाले होते. ते पुन्हा उभे राहत असताना हा तरुण तेथे पोहोचला. खिशात पैसा नव्हता. पडेल ती मजुरी करून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे, असा क्रम सुरू झाला. सॅन राफेल येथील माउंट टॅमलपाइस लष्करी अकादमीत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले, आणि त्याच वर्षांत शेतकीचे शिक्षणही चालू ठेवले. पुढे ऑरेगॉन राज्यातील कृषी महाविद्यालयात आणि मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात ते शिकले. तेथील पदवी त्यांना १९१३ साली मिळाली. त्या काळच्या पुढाऱ्यांची मुले विलायतेला बॅरिस्टर होण्यासाठी जात. हा मात्र माती, बी आणि पाऊस यांचा अभ्यास करायला बसला होता! आपण कला शाखेची मुले शेतकी कॉलेजच्या मुलांना जरा खालच्या पायरीवर बसवितो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्या किनाऱ्यावर तेव्हा हिंदी लोक बरेच होते आणि त्यांतले बहुतेक पंजाबचे शेतकरी. कोणी लाकडाच्या गिरणीत, कोणी रेल्वेच्या रुळांवर, कोणी फळबागांत राबत होते. कित्येकांनी इंग्रजांच्या पलटणीत नोकरी केलेली होती, चीनपासून आफ्रिकेपर्यंत इंग्रजांसाठी लढाया केल्या होत्या. त्यांच्या छातीवर राणीची पदके होती, आणि तरी परदेशात त्यांना कुली म्हणून हिणविले जाई. या शेतकरी-शिपायांच्या संतापातून १९१३ साली गदर पक्ष जन्माला आला. सोहनसिंग भकना हे अध्यक्ष, लाला हरदयाळ हे लेखणी चालविणारे. १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' पत्राचा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोतून निघाला. प्रचाराचे काम एका शाखेकडे आणि प्रत्यक्ष लढ्याच्या तयारीचे काम दुसऱ्या शाखेकडे होते. या दुसऱ्या शाखेचे सूत्रधार खानखोजे होते. निवृत्त हवालदारांना कवायतीचा नवा धडा देणारा हा वर्ध्याच्या अर्जनवीसाचा मुलगा डोळ्यांपुढे आणून पाहावा.

त्यांचे एक सहकारी पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे. तेही अमेरिकेत शिकायला गेलेले. महायुद्ध सुरू होताच दोघांच्या वाटा फुटल्या. पिंगळे हिंदुस्थानात परतून पलटणी फोडण्याच्या कामाला लागले, मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, कर्तारसिंग सराभा हाही फाशी गेला. सराभाचे वय एकोणीस होते. हे लिहिताना माझेही वय एकोणीस आहे. या वाक्यापुढे काय लिहावे ते सुचत नाही, म्हणून पुढे जाते.

खानखोजे दुसऱ्या बाजूने निघाले. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले होते. जर्मनी इंग्रजांचा शत्रू, आणि शत्रूचा शत्रू तो आपला मित्र या न्यायाने बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांची समिती जमली. तिची योजना अशी की तुर्कस्थान व इराण यांच्या मार्गाने हिंदुस्थानच्या पश्चिम सीमेवर धडक मारायची. या कामी खानखोजे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले व तेथून इराणात उतरले. बरोबर मूठभर हिंदी साथीदार होते. दक्षिण इराणात वासमुस नावाचा जर्मन अधिकारी तेथील टोळ्यांना इंग्रजांविरुद्ध उठवीत होता, त्याच्याशी त्यांचा संबंध आला. इंग्रजांच्या बाजूने लढणारे शिपाई बरेचसे हिंदीच होते. म्हणजे एका बाजूला स्वातंत्र्यासाठी लढणारा हिंदी माणूस, आणि समोर पगारासाठी लढणारा हिंदी माणूस! त्या शिपायांच्या हाती पत्रके पोहोचवावीत, त्यांना आपल्या बाजूला वळवावे, टोळ्यांना बरोबर घेऊन बलुचिस्तानच्या दिशेने सरकावे, असा खटाटोप चालला होता.

हा लढा कसा होता याची कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकांतून येत नाही. ना रसद, ना तोफा, ना कुमक. उन्हाने भाजलेले डोंगर आणि पाण्यासाठी मैलोगणती चाल. केरमान भागात काही काळ त्यांनी इंग्रजांना हैराण केले. पण १९१६ साली सर पर्सी साइक्स यांनी तेथे नवी फौज उभी केली आणि हळूहळू पारडे फिरले. सूफी अंबाप्रसाद यांच्यासारखे ज्येष्ठ सहकारी इराणातच मरण पावले. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले, आणि वेषांतर करून भटक्या टोळ्यांच्या आश्रयाने राहिले. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीने शस्त्रे खाली ठेवली आणि ज्या आधारावर हा डाव मांडला होता तो आधारच नाहीसा झाला. यानंतर ते गुप्तपणे मुंबईला येऊन टिळकांना भेटून गेले, असे सांगतात.

जर्मनीवर विसंबण्यात चूक होती काय, असा प्रश्न इतिहासाच्या तासाला निघू शकतो. जर्मनीला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची तळमळ नव्हती, तिला इंग्रजांचे सैन्य पूर्वेकडे अडकवून ठेवायचे होते, हे उघड आहे. खानखोज्यांना ते कळत नसेल असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. बुडणाऱ्याने हाती आलेला ओंडका कोणत्या झाडाचा हे पाहत बसू नये, इतकेच. पुढे १९२१ साली ते वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदी मंडळींबरोबर मॉस्कोलाही जाऊन आले. तेथेही त्यांच्या गटाच्या हाती काही लागले नाही. बर्लिनमध्ये दिवस हलाखीचे होते. मायदेशी परतावे तर इंग्रजांचा फास तयार. वय चाळिशीला टेकलेले. पंधरा-सोळा वर्षांच्या धडपडीचा हिशेब मांडला तर मित्र फासावर गेलेले, देश पारतंत्र्यातच, आणि स्वतःजवळ उरलेली एकच वस्तू म्हणजे शेतीचे ज्ञान.

ते ज्ञान घेऊन १९२४ साली ते मेक्सिकोला गेले. माझ्या मते त्यांच्या चरित्राचा खरा गाभा येथून सुरू होतो.

मेक्सिकोच का? कॅलिफोर्नियात असताना मेक्सिकन मजुरांशी आणि क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला होता. त्यांपैकी रामोन दे नेग्री हे स्नेही पुढे तेथील शेतीमंत्री झाले. शिवाय हा देश त्यांच्या मनातल्या प्रश्नाशी झगडत होता. १९१० साली मेक्सिकोत क्रांती झाली. मोठमोठ्या जमीनदारांच्या हजारो एकरांच्या वाड्या, आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बुडालेले मूळ रहिवासी, अशी तेथील स्थिती होती. एमिलियानो झापाटा हा शेतकऱ्यांचा पुढारी जमिनीसाठी लढता लढता १९१९ मध्ये मारला गेला. १९१७ च्या राज्यघटनेने जमीनवाटपाचे तत्त्व मान्य केले. आता जमीन मिळू लागली होती. पण जमीन मिळाली म्हणजे पीक येते असे थोडेच आहे? बी कोठले, खत कसे, पाणी किती, रोग पडला तर काय, हे सांगणारा कोणीतरी हवा होता.

राजधानीच्या पूर्वेला टेक्सकोको गावाजवळ चापिंगो येथे अशाच एका जमीनदाराच्या वाडीत राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच आले होते. त्या विद्यालयाच्या ब्रीदाचा आशय असा आहे की, येथे जमिनीकडून घ्यायला शिकवावे, माणसाला पिळायला नव्हे. खानखोजे तेथे प्राध्यापक झाले. परक्या भाषेत, स्पॅनिशमध्ये, शिकवू लागले. त्यांचे मुख्य विषय पिकांची पैदास आणि बियाणे. मका आणि गहू या दोन पिकांवर त्यांनी विशेष काम केले.

मका हे मेक्सिकोचे मूळ धान्य. आपल्याकडे जशी बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, तशी तेथे मक्याची तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, पाट्यावर वाटायचा आणि त्या पिठाची पोळी तव्यावर भाजायची. सोबत तोंडी लावायला मिरची. (आपण ज्या ठेच्याचा एवढा अभिमान बाळगतो त्यातली मिरचीही मूळची तिकडचीच, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली.) मक्याचा रानटी पूर्वज म्हणजे तेओसिंते नावाचे गवत. आपल्याकडे काही ठिकाणी ते मकचरी म्हणून चाऱ्यासाठी लावतात. त्याला फुटवे पुष्कळ येतात, पण दाणे चिमुकले आणि कठीण. खानखोज्यांनी या गवताचा मक्याशी संकर करून पाहिला. रानटी पूर्वजाचा काटकपणा आणि बहुप्रसवपणा यावा, दाणा मात्र मक्याचाच राहावा, एका ताटावर अनेक कणसे लागावीत, हा हेतू. या प्रयोगांमुळे त्यांचे नाव मेक्सिकोभर झाले.

आमचे घर येवले तालुक्यात आहे. आमच्याकडे खरिपाला मका असतो आणि तो बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला जातो. आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. एका ताटाला अनेक कणसे ही हकिकत मी वडिलांना सांगितली तेव्हा त्यांनी कौतुक वगैरे काही केले नाही. दोन प्रश्न विचारले. एवढी कणसे पोसायला त्या ताटाला खत किती लागत असेल, आणि त्या मास्तरांनी ते शेतकऱ्याच्या रानात करून दाखविले का फक्त कॉलेजच्या रानात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. दुसऱ्याचे होते.

कारण खानखोजे कॉलेजच्या कुंपणात थांबलेच नाहीत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. त्यांतली एक झापाटाच्या नावाने होती. या शाळांना फी नव्हती. प्रवेशासाठी आधीच्या शिक्षणाची अट नव्हती. जो शेतात राबतो तो विद्यार्थी, आणि त्याचे शेत हाच वर्ग. ज्यांच्या बापजाद्यांनी पाटीवर अक्षर गिरविले नव्हते अशी प्रौढ माणसे तेथे बियाणे निवडायला शिकली. आपल्याकडे शिकलेला मुलगा शेतात येत नाही आणि शेतातला मुलगा शाळेत टिकत नाही. मी बी. ए. होते आहे म्हणजे मातीतून सुटले, असे आमच्या भावकीत उघड बोलले जाते, आणि ते कौतुकानेच बोलले जाते. हा गृहस्थ परदेशात जाऊन नेमके उलटे करीत होता. विद्येला मातीतून सोडवून नेण्याऐवजी तो तिला मातीत घेऊन येत होता. आमच्या भावकीचे ते कौतुक मला अलीकडे कानाला टोचू लागले आहे, त्याला कारण हे वाचन.

या शाळांभोवती त्या काळचे मोठे कलावंत जमले. जन्माने इटालियन असलेल्या तिना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी खानखोज्यांच्या प्रयोगांची, मक्याच्या कणसांची आणि शेतकरी विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढली. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी चापिंगोच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती १९२४ ते १९२७ या काळात रंगविल्या. मेक्सिको शहरातील शिक्षणमंत्रालयाच्या भिंतींवरही त्यांची चित्रमालिका आहे. तीत एका चित्रात भोजनाच्या मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि मधोमध भाकरी मोडून वाटणारा सावळा पुरुष आहे. तो पुरुष म्हणजे आपले खानखोजे. फाशीच्या दोराने ज्याचा पाठलाग केला त्याला एका परक्या देशाने आपल्या शिक्षणमंत्रालयाच्या भिंतीवर अन्न वाटताना रंगविले! आपल्या मंत्रालयाच्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या भिंतीवर परदेशातून आलेल्या एखाद्या शेतकी मास्तराचे असे चित्र असेल काय?

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन महिलेशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. नावे ठेवली सावित्री आणि माया. मेक्सिकोतले सर्वच दिवस सुखाचे होते असे नाही. सरकारे बदलली की माणसांचे महत्त्वही बदलते, हे तेथेही खरे होते. तरी ते तेथे तीस वर्षांच्या आसपास राहिले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक सल्ला देण्यासाठी आले. चार दशकांनंतर मायभूमीवर पाय ठेवताना काय घडावे? इंग्रजांनी तयार केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहून गेले होते, आणि स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अडवून ठेवले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांच्या चरित्रात ही हकिकत दिली आहे. इंग्रज गेले, कागद राहिला. यावर हसावे की रडावे?

त्या खेपेला काही महिने राहून ते परत मेक्सिकोला गेले. १९५५ साली मात्र कायमचे परतले आणि नागपूरला स्थायिक झाले. उतारवयात त्यांचा जो उपयोग करून घ्यायला हवा होता तो आपण करून घेतला असे म्हणवत नाही. लष्करी अकादमीत शिकलेला, इराणच्या डोंगरांत लढलेला, चापिंगोत शिकविलेला माणूस नागपूरच्या रस्त्यांवरून एखाद्या निवृत्त शिक्षकासारखा हिंडत असे आणि शेजारून जाणाऱ्यांना त्याचा पत्ता नसे. अलीकडे थोडी जाग आली आहे. 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल; त्याच लेखिका वीणा गवाणकर यांनी खानखोज्यांचेही चरित्र मराठीत लिहिले आहे. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले. पुतळा तेथे आहे हे योग्यच आहे. त्यांचे विद्यार्थी तेथले होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग नावाचा तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ गव्हावर काम करण्यासाठी मेक्सिकोत आला. त्याच्या कामाची एक जागा चापिंगोच होती. खानखोज्यांचे काम आणि बोरलॉग यांचे काम एकच होते असा दावा मी करणार नाही. बोरलॉग यांचा बुटका गहू हे स्वतंत्र संशोधन आहे आणि त्याचे श्रेय त्यांचेच आहे. पण ज्या भूमीवर शेतकऱ्याच्या हातात चांगले बी द्यायचे म्हणून एका मराठी माणसाने वर्षानुवर्षे घाम गाळला, त्याच भूमीवरून पुढे भारताच्या अन्नाचा प्रश्न सुटायला मदत झाली, एवढे तरी नोंदविले पाहिजे. १९६५ आणि १९६६ ही सलग दोन वर्षे देशात दुष्काळाची गेली. अमेरिकेच्या गव्हावर रेशनची दुकाने चालली होती. १९६६ साली भारत सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे बोटींनी आणविले. त्या रब्बीत ते शेतांत पेरले गेले.

डॉ. खानखोजे १९६७ च्या जानेवारी महिन्यात नागपूरला वारले. तो गहू तेव्हा शेतांत उभा होता.